नाश्त्याची हॅट

सिडकोम, ३ मे १९५४

ती. मॉडताई हिस, सा. न. वि. वि.

बातमी बसून वाच. माझ्या लॉजमधल्या समुद्राकडच्या खोलीत मार्चपासून राहणारे लॉर्ड कथबर्ट वेलो यांनी मला मागणी घातली आणि मी हो म्हटलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी तुझी धाकटी बहीण लेडी हेस्टर होणार, असं तेच म्हणतात. माझे जुने भाडेकरू कर्नल बॉग्ज मला बघून आतापासूनच उठून उभे राहतात. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून मलाच वाईट वाटतं.

माणूस साधा आहे. हेरिंग खाल्ली की काटे बशीच्या कडेला ओळीने मांडून ठेवतो. लोभ असू दे, या खेपेला उपदेश जरा कमी असू दे.

तुझी हेस्टर

लिटल हॅडन, ६ मे

चि. हेस्टर हिस, अनेक आशीर्वाद.

बसून वाचलं, म्हणून वाचले. अगं, थोरल्या डचेसबाईंच्या पाकिटांवर पत्ते लिहिण्यात माझा जन्म गेला. 'लॉर्ड कथबर्ट' असा नावाने लॉर्ड म्हणवतो तो ड्यूकचा नाहीतर मार्क्विसचा, म्हणजे सगळ्यात वरच्या सरदाराचा, धाकटा मुलगा. त्याची बायको नवऱ्याच्या नावाने ओळखली जाते, म्हणजे तू लेडी कथबर्ट होशील. लेडी हेस्टर व्हायला बाप निदान अर्ल लागतो, आणि आपल्या बाबांचं मासळीचं दुकान होतं. तो स्वतः बॅरन, म्हणजे तळच्या पायरीचा सरदार, असेल, तर नुसता लॉर्ड वेलो, सहीसुद्धा नुसती 'वेलो'. एवढं ज्याला ठाऊक नाही, त्याने कसलं लॉर्ड व्हायचं?

लग्नानंतर लॉज कुणाच्या नावावर राहणार, ते आधी कळव. तेवढंच एक छप्पर आहे तुला.

तुझं बरं चिंतणारी, मॉड

सिडकोम, १० मे

ती. मॉडताई हिस, सा. न. वि. वि.

तुझी शंका फिटली म्हण. आज सकाळी आपणहून म्हणाले, मी बॅरन आहे, यापुढे नुसतं वेलो म्हणा, कथबर्ट हे आपलं लाडाचं. पाहुण्यांच्या वहीतली जुनी सही खोडून तिथे 'वेलो' केलंय. तुझं पत्र मी टोस्टच्या ताटलीखाली विसरले होते. त्यावर मुरंबा सांडलाय, पण अक्षर लागतं. ताईंचं पुढचं पत्र कधी येणार, असं ते दोनदा विचारून गेले.

लॉजचा विषय काढला की मात्र खिडकीबाहेर बघत बसतात. काळजी करू नकोस, माया कर.

तुझी हेस्टर

लिटल हॅडन, १३ मे

चि. हेस्टर हिस, अनेक आशीर्वाद.

खिडकीबाहेर बघणारा माणूस मला आवडलेला नाही. इथे फुलांच्या प्रदर्शनाच्या कमिटीत मी नुसती चौकशी म्हणून त्याचं नाव काढलं, तर अध्यक्षीणबाई मिसेस क्रम्प लॉर्डाची मेहुणी म्हणून माझ्या चहात साखरेचा दुसरा चमचा घालायला लागल्या.

एक नियम लिहायचा राहिला. खरा बॅरन नाश्त्याला हॅट घालून बसतो. जुन्या राजांनी दिलेली मुभा आहे, इतरांना ती नाही. हे पत्र कुलपात ठेव, टोस्टखाली नको.

डोळे उघडे ठेव आणि ताईवर लोभ ठेव.

मॉड

सिडकोम, १८ मे

ती. मॉडताई हिस, सा. न. वि. वि.

नाश्त्याला ते हॅट घालून आले. त्यांनी अंडं फोडलं, तेव्हा ती डोळ्यांवर घसरली. कर्नल बॉग्ज पुन्हा उभे राहिले. मी इतकी हसले, की मला स्वयंपाकघरात जाऊन बसावं लागलं. मागोमाग तेही आले, आणि हॅट हातात घेऊन सगळं सांगून टाकलं. नाव आर्थर टिबल. जन्मभर बोटीवर वाढप्याचं काम केलं, लॉर्डांना चहा दिला. एकदा कुणीतरी आपल्याला तसं म्हणावं, एवढीच हौस होती म्हणाले.

मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, ताई. कुठला लॉर्ड स्वतःची चादर अशी कडक घडी घालून ठेवतो? आणि तुझी पत्रं मी विसरले नव्हते, त्यांना सापडावीत म्हणून मुद्दाम ठेवत होते. ते बिचारे रात्री खोलीत पाठांतर करायचे. माझ्यासाठी आजवर कुणी एवढा अभ्यास केला नव्हता.

खिडकीबाहेर बघायचे ते लाजेने. परवाच वकिलाकडे जाऊन, लॉज माझ्याच नावावर राहावं, असं लिहून देऊन आले. पुढच्या महिन्यात मी मिसेस टिबल होणार. रागाव, पण तुटू नकोस.

तुझी हेस्टर

लिटल हॅडन, २१ मे

चि. सौ. कां. हेस्टर हिस, अनेक आशीर्वाद. श्री. आर्थर यांनाही.

मायना नीट बघ. मी मायन्यात कधी चुकत नाही. मला लॉजची भीती नव्हती गं, तू फसून पुन्हा एकटी पडशील याची होती. आता नाही.

तरी एक घोटाळा झालाय. मिसेस क्रम्पनी जाहिराती लावल्यात, की पुढच्या शनिवारी, २९ तारखेला, प्रदर्शनाचं उद्घाटन लॉर्ड वेलो करणार. तेव्हा तुम्ही दोघं शुक्रवारीच माझ्याकडे या. त्यांना सांग, स्वतःला लॉर्ड म्हणायचं नाही, ते लोक म्हणतील. चहा दिला की उठून आभार मानायचे नाहीत, आणि कपबशा तर मुळीच उचलायच्या नाहीत. बाकी मी पाठ करून घेईन.

शनिवारी मिसेस क्रम्पकडे सगळ्यांचा नाश्ता आहे. हॅट आर्थरनी घालावीच. तो नियम मी मनाने रचला होता, पण कमिटीत सांगून बसले, आणि लॉर्डांना सोबत म्हणून सोमवारपासून मिस्टर क्रम्पही हॅट घालून अंडं खायचा सराव करताहेत.

येताना लोभ आणा, आणि डोळ्यांवर येणार नाही अशी हॅट आणा.

तुझी मॉडताई