आत्याबाई परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. वाहन अधिकारी,
फिरता दवाखाना विभाग,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : चाचणीवरील नव्या आडवाट-वाहनाच्या उपयुक्ततेचा अभिप्राय, तसेच उद्या, शुक्रवारी, जुनी गाडी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र, ‘तीन महिन्यांच्या वापरानंतर अभिप्राय सादर करावा.’
२) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज व त्यांवरील आपली तीन उत्तरे.

अर्जदार : परिचारिका, खाणवस्ती फेरी.

महोदय,

वरील ‘विषय’ या शब्दावरून शाईची जी रेघ खाली घसरली आहे, तिच्याबद्दल अर्जदार आधीच माफी मागते. दुपारच्या सुट्टीत औषधखोलीत चिटपाखरू नव्हते. अर्जदार कागदावर वाकली आणि मागे फरशीवर ‘खण्ण’ झाले. अर्जदाराची चार वर्षांची मुलगी एका कडीशी खेळत बसली होती, ती तिच्या हातून निसटली, एवढेच. पण या सोमवारपासून लोखंड वाजले की अर्जदाराचा उजवा हात आपोआप डोक्यावर जातो, हातात पेन असले तरी. दुसऱ्या कोऱ्या कागदासाठी मागणीपत्र भरावे लागते, म्हणून हाच कागद सादर करीत आहे.

१. प्रथम गाडीच्या गुणांविषयी. खाल्ल्या मिठाला जागून सांगायचे तर गुण पुष्कळ आहेत. ओढ्याला कमरेइतके पाणी असताना ती आतल्या माणसाचे पाय न भिजवता पार होते. मुरमाच्या चढावर चारही चाके जोर लावतात. जिथे ‘आत्याबाई’ला सगळ्यांनी उतरून ढकलावे लागे, तिथे ही गाडी हूं की चूं करीत नाही. (आत्याबाई म्हणजे जुनी गाडी. वस्तीने ठेवलेले नाव, कारण ती दिसण्याआधी तिची बडबड पोहोचते.) नव्या गाडीला चालककाका ‘जावई’ म्हणतात. “बसायला मऊ लागतं, प्यायला भरपूर लागतं आणि तोंडावर काही बोलायची सोय नाही,” असे त्यांचे म्हणणे. अडीच तासांची वाट दीड तासावर आली, हेही खरे. पायरी मात्र मांडीइतकी उंच आहे. दिवस भरलेल्या बाईला दोघांनी पोत्यासारखे उचलून आत सरकवावे लागते. हे आपल्या तक्त्यात लिहायला जागा सापडली नाही.

२. पहिल्या सोमवारी जावई वस्तीत गेला तेव्हा लोक कौतुकाने गोळा झाले. पोरांनी चाकांवर हात फिरवले. त्यानंतरच्या सोमवारी पहिल्याच वळणावर समोरच्या काचेवर दगड आला. मग डाव्या दारावर, मग टपावर. गाडी इतकी गुपचूप चालते की बाहेर कोण काय ओरडते ते नीट ऐकू आले. ते येथे लिहिण्याजोगे नाही. अर्जदाराने त्याच दिवशी पहिला अर्ज केला. आपले उत्तर असे होते : ‘दगडफेक ही बाब चाचणीच्या तक्त्यात नाही. सबब ‘रस्त्याची स्थिती’ या रकान्यात ‘दगडाळ’ अशी नोंद करावी.’ त्याप्रमाणे नोंद केली.

३. दुसऱ्या महिन्यात दगड उघड्या खिडकीतून आत आला. चालककाकांनी आधी गाडी थांबवली, हाताचा ब्रेक ओढला आणि मगच तोंडावर हात घेतला. अर्जदाराने कापसाचा बोळा दाबून धरला. बोटांच्या फटींतून कोपरापर्यंत रक्त ओघळत होते.
“काच फुटली का गं?” त्यांनी विचारले.
“नाही काका.”
“मग काय फुटलं?”
अर्जदाराने बोळा बदलला. डावा डोळा दुसऱ्या दिवशी काढावा लागला. अर्जदाराने दुसरा अर्ज केला. आपण कळवलेत, ‘चालकाच्या बाजूचा आरसा शाबूत आहे किंवा कसे, याचा उलटटपाली खुलासा करावा.’ आरसा शाबूत आहे.

४. तोवर अर्जदाराची समजूत अशी की लोकांची काही गफलत होत असावी. वस्तीतली घरे शनिवारी पाडली जातात, खाणीची हद्द वाढायची आहे, हे सर्वांना ठाऊक होते. पाडणाऱ्या पथकाची गाडीही याच रंगाची असेल, असे धरून अर्जदाराने तिसरा अर्ज केला, की जावयाला दुसरा कोणताही रंग द्यावा, हवे तर अर्जदार स्वतः ब्रश धरेल. उत्तर : ‘रंग मंजूर नमुन्याप्रमाणे असल्याने विनंती अमान्य.’

५. या सोमवारचा प्रकार पुढीलप्रमाणे. पाळणाघर बंद असल्याने मुलगी सोबत होती. वस्तीच्या तोंडाशी दगडांची रास आडवी घातलेली. गाडी थांबताच बदली चालकाने दार उघडले आणि तो किल्ली तशीच ठेवून जो धूम ठोकून गेला तो अद्याप कामावर आलेला नाही. अर्जदाराने मुलीला मागच्या बाकाखाली ढकलले. तेवढ्यात वस्तीतल्या दोघींनी अर्जदाराला वेणीला धरून खाली ओढले. पायरी उंच आहे हे वर लिहिलेच आहे. पडताना ती अधिक उंच वाटते.

पहार जिच्या हातात होती तिच्या दोन नातवंडांची नाळ अर्जदाराने कापली आहे. तिच्या हातचा चहा दर सोमवारी घेतला आहे. तिने आधी लशींची पेटी फोडली. नंतर अर्जदाराकडे वळली. तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. वाण्याकडे सामान सांगावे तशी ती बोलत होती.
“हे दाराचं.”
“हे चुलीचं.”
“हे पाळण्याचं.”
तिसऱ्या घावाला खांद्याचे हाड मोडले. चौथ्यांदा पहार वर गेली तेव्हा बाकाखालून मुलगी रडली आणि ती बाई जागच्या जागी थिजली. मग पहार टाकून देऊन ती दगडांच्या राशीवर बसली आणि तिने आपले कपाळ त्या दगडांवर आपटायला सुरुवात केली. अर्जदाराने एका हाताने मुलीला बाहेर घेतले व दोघी चालत परतल्या. गाडी मंगळवारी आपल्या माणसांनी आणली.

६. घरी आल्यावर मुलीची मूठ उघडेना. बोट न् बोट सोडवून पाहिले तर आत लोखंडी कडी, तिला लाकडाची ढलपी आणि पिवळा रंग. बाकाखाली सापडली म्हणाली. ही कडी अर्जदार ओळखते. त्या बाईच्या दाराची आहे. मुलगी सोबत असली की तिला उचलून ती वाजवू द्यावी लागे, नाहीतर तोंड फुगे.

बुधवारी सकाळी अर्जदाराने नोंदवही तपासली. शुक्रवारी संध्याकाळी गाडी उभी करतानाचे किलोमीटर आणि सोमवारी निघतानाचे किलोमीटर यांत दर आठवड्याला बत्तीसचा फरक आहे. वस्तीला जाऊन येण्याचे अंतर तेवढेच आहे. मधल्या पानाला टाचलेली चिठ्ठी अशी : ‘शनिवारी वाहन मोकळे असल्याने पाडकाम पथकास तात्पुरते उपलब्ध.’ खाली सही आपली आहे.

म्हणजे वस्तीची गफलत झालीच नव्हती.

आता गाडीच्या पुढे बसवलेल्या चरखीविषयी. गाडी चिखलात रुतली तर तिचा पोलादी दोर झाडाला अडकवून गाडी बाहेर ओढायची, अशी सोय आहे. या फेरीत गाडी एकदाही रुतली नाही. तरी दोराची तार उसवली आहे आणि हुकाच्या वाकात पिवळा रंग आहे. दाराच्या चौकटीत हुक घालून गाडी मागे घेतली तर घर किती वेळात खाली येते, आत माणूस असले तर फरक पडतो का, याबाबत पथकाचा स्वतंत्र अभिप्राय मागवावा. अर्जदाराला चरखीचा इतर उपयोग माहीत नाही.

७. त्या बाईच्या सुनेचे दिवस भरले आहेत. पाय सुजले आहेत, रक्तदाब वाढलेला आहे, मागच्या खेपेला झटके आले होते. सध्या ती खाणीच्या एका जुन्या खड्ड्यात ताडपत्रीखाली आहे आणि इंजिनाची चाहूल लागली की पोट धरून आणखी आत सरकते. दवाखान्यात आणली नाही तर ती आणि मूल दोन्ही जातील. हे अर्जदार अनुभवाने लिहीत आहे.

काल, बुधवारी दुपारी, ती सासू पायी दवाखान्यात आली. उंबऱ्याच्या आत आली नाही. गळ्यात बांधलेला हात तिने पाहिला.
“फार लागलं का गं, बाई?”
ती पदराच्या टोकाला गाठ मारीत उभी राहिली.
“आत्याबाई घेऊन ये. तिच्यात चढेल पोरगी. त्या दुसरीत आमचं माणूस पाय ठेवणार नाही, मेलं तरी.” मग म्हणाली, “आणि ती आली, तर या खेपेला पहार नाही. रॉकेल आहे. तू आत नको बसूस.”

सबब विनंती की :
(अ) इमारतीमागे ताडपत्रीखाली उभी असलेली आत्याबाई उद्या पहाटे द्यावी. चालककाका म्हणतात, बॅटरी बसवायला एक डोळा पुरतो. चालवायला तालुक्याच्या दवाखान्यातला चालक यायला तयार आहे.
(आ) परवाच्या शनिवारी दवाखान्याची कोणतीही गाडी पथकाला देऊ नये.
(इ) यातले काहीच जमत नसेल, तर अर्जदारास पायी जाण्याची लेखी परवानगी द्यावी. एका हाताने बाळंतपण करता येते. धरायला आणखी दोन हात तिथे मिळतील.

तक्त्यात शेवटी ‘वाहन आडवाटेस उपयुक्त आहे : होय / नाही’ असे छापले आहे. अर्जदाराने काही खोडलेले नाही. ज्यांची सही चिठ्ठीवर आहे त्यांनीच ते खोडावे.

उद्या पहाटे पाच वाजता फाटकाशी उभी असणारी, आपली नम्र,

(परिचारिका, खाणवस्ती फेरी)
दिनांक : ९, गुरुवार

सोबत :
१) अभिप्रायाचा तक्ता, अपुरा.
२) नोंदवहीच्या बारा पानांच्या व चिठ्ठीच्या प्रती.
३) अर्जदाराच्या खांद्याचा एक्स-रे.
४) दाराची कडी, पिवळी, एक नग.

ता. क. : अनुक्रमांक ४ जोडता आलेला नाही. मुलगी ती सोडत नव्हती. अर्जदाराने तिला जवळ घेऊन समजावले की शहाण्या बाळाने दुसऱ्याची वस्तू ठेवू नये, कडी काकूंची आहे, परत द्यायची आहे. तिला ते पटले. कडी तिने फ्रॉकला पुसली, अर्जदाराच्या हातावर ठेवली आणि विचारले, “मग आई, काकू आता दार कशाने लावतात?”