अण्णाजीच्या वावरातलं सीतादही

९ ऑक्टोबर

जेसीबी आला आणि झोपड्या गेल्या! चुलीवर भाजी शिजत होती. ड्रायव्हरला म्हटलं, भाजीचा गंज तरी उतरवू दे. तो म्हणे, "मले काय सांगता बाई, अण्णाजीले सांगा."

अण्णाजी म्हणजे ज्याच्या वावरात आमची सारी वस्ती राबते, तोच. आता त्याला पार्टीचं तिकीट पाहिजे. मागच्या आठवड्यात त्याच्या सभेला आमच्यातलं कोणी गेलं नाही. झालं! ही जागा एकदम सरकारी झाली. धरणात गाव बुडालं तेव्हापासून इथेच राहतो, तेव्हा नव्हती का सरकारी?

कुंदननं, माझ्या नवऱ्यानं, तहसीलमध्ये अर्ज दिला. अण्णाजीचं नाव घालून. छाती पाहिजे त्याला.

११ ऑक्टोबर

ताडपत्रीखाली बसून लिहिते.

अण्णाजीचा माणूस गोपाल आला. सासूबाईला म्हणे, "रामबाई, कापूस फुटला. उद्या सीतादही मांडाले येजो." काय हिंमत! घर पाडायचं आणि पूजाही आमच्याच हातून!

दरवर्षी त्या वावरात सासूच मांडते. कापसाच्या पराटीला हळदकुंकू, दहीभाताचा निवद, मग वेचणी. त्याआधी कोणतीच बाई बोंडाला हात लावत नाही. मी बायांना म्हटलं, नकाच मांडू. सीतादही नाही तर वेचणी नाही. पडू दे त्याचा कापूस मातीत!

सासू घाबरली. "पाप लागते व माय." मग स्वतःच म्हणे, "लागू दे, त्यालेच लागीन." साऱ्या हसल्या. झोपड्या गेल्यापासून पहिल्यांदा. डोकं माझंच हो!

१४ ऑक्टोबर

वावर पांढरंफटक झालं. आमच्यातलं कोणी गेलं नाही. त्यानं यवतमाळकडून बाया आणल्या. त्यांनी विचारलं, सीतादही झालं का? नाही म्हटल्यावर वावराच्या धुऱ्यावरूनच परत गेल्या. शाब्बास! अण्णाजीचा बीपी वाढला म्हणतात. वाढू दे.

१५ ऑक्टोबर

कुंदनला नेलं. देवळीच्या स्टॉपवरून, पार्टीचे दुपट्टेवाले होते, जीपमध्ये कोंबलं. ठाण्यात गेली तर जमादार म्हणे, "पिऊन पडला असन कुठी." तो पीत नाही!

१७ ऑक्टोबर

सडकेच्या कडेला टाकून गेले. तळपाय सुजून काळे. अंगठ्याची नखं नाहीत. पाठीवर बिडीचे चटके. डोळ्यांत तिखट घातलं होतं, उघडतच नव्हते. पुढचं लिहवत नाही.

सेवाग्रामला भरती केलं. डॉक्टरीणबाईनं विचारलं, कोणी मारलं? तो म्हणे, "गाडीवरून पडलो." बाई माझ्याकडे पाहत राहिली. आमच्याजवळ गाडी आहे कुठे! अर्ज दिला म्हणून मारलं, सारी वस्ती जाणते. यालाच सांगायला काय होतं?

१९ ऑक्टोबर

पेज दिली. दोन घोट घेतले. बोलत नाही.

२० ऑक्टोबर

डॉक्टरीणबाईनं पोलिसांना कळवलं आहे. उद्या जबाब घ्यायला येतील. आता नाही बोलला तर केस नाही. अण्णाजी हार घालून निवडून येईल आणि मग आणखी कोणाला तरी उचलतील.

मी त्याला आज नको ते बोलली. "अर्जात नाव लिवाले मर्द होता, आता काऊन दातखिळी बसली?" त्यानं भिंतीकडे तोंड केलं. सासू म्हणे, "राहू दे व, हात जोडतो तुले." काऊन राहू देऊ? झोपड्या गेल्या, गाव गेलं, राहू दे राहू दे करतच गेलं सारं!

२१ ऑक्टोबर

दिवाळी. जमादार आला. जबाब काय, तर "गाडीवरून पडलो." खाली सही. जाता जाता मला म्हणे, "हॅपी दिवाळी, वहिनी."

लाज वाटते मला या माणसाची. लिहिलं ते लिहिलं, खोडत नाही. पेज सासूच्या हातानं पाठवली.

२३ ऑक्टोबर

आज कुंदन बोलला. मी वाटी ठेवून निघाली होती, त्यानं पदर धरला.

मारताना अर्जाचं त्यांनी विचारलंच नाही. सारा वेळ एकच — "सीतादही कोणत्या बाईनं बंद केलं? नाव सांग, तिले आणतो इथं."

त्यानं नाही सांगितलं. जबाबातही म्हणूनच त्यांची नावं घेतली नाहीत. केस झाली की पोलिसही तेच विचारतील म्हणे, आणि जमादार त्यांचाच. "तुलेच आणलं असतं व."

एवढंच बोलला. परवापासून मी त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.