बारा कपांची किटली

गुरुजी, तक्रार गंभीर आहे, म्हणून प्रास्ताविक टाळतो. तुम्ही दिलेल्या जर्मनच्या किटलीचं झाकण हरवलं. गेल्या शनिवारी विद्यापीठाच्या सभागृहात अकरा किटल्या ओळीनं मांडल्या होत्या. दहा झाकणासकट, आणि उघड्या डोक्यानं बसलेली ती नेमकी ज्येष्ठ. हा गुरुद्रोह आहे, असं मी मुलांना सुनावलं. त्यांनी तिच्यावर एक बशी ठेवली आणि कामाला लागली. हल्ली गुरुद्रोहाला एवढंच प्रायश्चित्त असतं. बरं, ही तक्रार पाठवावी कुठं? तुम्ही सध्या कुठं असाल याबद्दल तुमच्या शास्त्रांचं एक मत आहे आणि माझ्या चर्चमधल्या काही वडीलधाऱ्यांचं दुसरं. दोन्ही ठिकाणी टपाल जात नाही.

पण अकरा किटल्या कशाला, ते सांगायला हवं. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी माझ्या मुलीनं चर्चला येणं सोडलं. भांडली नाही. सांगलीला शिकायला गेली आणि दर रविवारी तिला नेमके कपडे धुवायचे असायचे. सुट्टीत घरी आली की मी विषय काढायचो आणि ती ताट उचलून मोरीकडं जायची. म्हणून मी संस्कृत विभागाच्या मागच्या खोलीत ख्रिस्ती विद्यार्थ्यांचं चर्चामंडळ काढलं. अर्जात हेतू फार उदात्त लिहिला. खरा हेतू एवढाच, की कधीतरी तीही येऊन बसेल आणि ताट न उचलता माझ्याशी बोलेल. पहिल्या शनिवारी चार जण आले, त्यातले दोघं खोली चुकून.

नियम तुमचेच ठेवले. तुमचं साताऱ्यातलं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. आम्ही पाच-सहा जण पाटांवर बसलोय, तुम्ही स्टोव्हला पंप मारताय. एक जण म्हणतो, ख्रिस्ती लोक आठवडाभर पापं करतात आणि रविवारी धुऊन घेतात. मी त्याला असा काही सोलून काढतो की बाकीचे पोट धरून हसतात. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "उत्तर झकास. पण ज्याला दिलंस तो माणूस या खोलीत नाही. आधी याचा पूर्वपक्ष मांड. हा 'हो, हेच' म्हणाला, की मग उत्तराचा अधिकार." समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा नीट मांडायचं! मी तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा त्यानं नकारार्थी मान हलवली. मग तुम्ही उदाहरण म्हणून माझी बाजू मांडायला घेतलीत. उघड्या अंगावर जानवं असलेला माणूस क्षमेबद्दल असं बोलला, की मला माझा धर्म नव्यानं ऐकू आला. मी "हो, हेच" म्हणालो. आता तुम्ही खोडून काढणार म्हणून सगळे सरसावून बसलो, आणि तुम्ही चहा ओतलात. पदवी मिळाल्यावर पेढे घेऊन आलो, तेव्हा हीच किटली माझ्या हातात ठेवलीत. म्हणालात, "बारा कप होतात. तेराव्या माणसापासून भाषण सुरू होतं."

ते मी शब्दशः पाळलं. तेरावा आला की नवी किटली, नवी खोली, नवं मंडळ. आमच्या चर्चमध्ये कुणी म्हणालं, दुसऱ्याची बाजू मांडून कुणाचा विश्वास वाढलाय का? वाढला, गुरुजी. मेढ्याकडचा एक मुलगा दारात उभा राहून म्हणाला, "आवं सर, आमी ख्रिश्चन न्हाई. पण चहा असतोय म्हणं." बस म्हटलं. त्याचे वडील फौजेत. त्या दिवशी विषय होता वैऱ्याला क्षमा, आणि पूर्वपक्ष त्याच्या वाट्याला आला. त्यानं कप खाली ठेवला. "म्हंजी त्यो बरोबर व्हता असं न्हाई," तो म्हणाला. "म्हंजी रोज सकाळी उठून त्येलाच आठवायचं न्हाई. आसंच ना?" आमची जन्मजात ख्रिस्ती मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. नर्सिंगची एक मुलगी हळूच म्हणाली, "हो, हेच. पण आम्हाला हे असं कुणी सांगितलं नव्हतं." साताऱ्याच्या मंडळाची किटली आता तोच सांभाळतो. अजून ख्रिश्चन न्हाई, चहा मात्र फक्कड करतो. कराडला चार किटल्या झाल्या, सांगलीला तीन. जिथं खोली चुकून माणसं यायची, तिथं आता जागा धरायला लवकर येतात.

शनिवारी साऱ्या मंडळांचं पहिलं संमेलन भरलं. सांगलीच्या मुलांबरोबर माझी मुलगी आली. मला न कळवता, पाठीला सॅक, नेहमीची चप्पल. प्रश्नांच्या वेळी उभी राहिली आणि म्हणाली, आजीसाठी अख्ख्या चर्चनं प्रार्थना केली, दवाखान्यात शेजारच्या कॉटवरच्या बाईसाठी कुणीच नाही. आजी गेली, ती बाई चालत घरी गेली. बरं झालं तर देवाची कृपा, नाही झालं तर देवाची इच्छा. मग आपण त्याला विचारलं काय? पूर्वपक्ष माझ्याकडं. मी म्हटलं, "तुझं म्हणणं देव नाही असं नाही. आम्ही उत्तर आधीच ठरवून ठेवतो आणि मग गुडघे टेकतो, असं आहे. आणि आजी गेली तेव्हा तुला रडायचं होतं, मी तुला उत्तर दिलं."

"हो, पप्पा," ती म्हणाली. "हेच."

किती वर्षांनी, गुरुजी. टाळ्या पडल्या, साताऱ्याच्या पठ्ठ्यानं शिट्टी मारली. एवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप होता. आता अधिकार माझा होता. मी बशी काढली आणि चहा ओतला. तिनं दोन कप घेतले, आणि निघताना म्हणाली की उत्तर पुढच्या शनिवारी दिलं तरी चालेल, ती येणार आहे.

आज गुरुवार. चार वह्या उघड्या पडल्यात आणि एकीतही काही नाही. तुम्ही माझी बाजू मांडून चहा ओतलात, तेव्हा मी जिंकलो असं समजून घरी गेलो होतो. त्यानंतर तुमच्या मनात काय झालं, हे मी कधी विचारलं नाही. हा कागद घडी करून किटलीत ठेवतो. मुलीची काळजी आता वाटत नाही. तिचं म्हणणं मांडता मांडता ते मला पटलं, आणि शनिवारी तिच्यासमोर बसून हे कसं सांगायचं, याची वाटते.