कोंडिबाच्या नावावर सोनबाचं रक्त

भोंगवली, ता. १२ नोव्हेंबर १९६८

चि. आनंदास आजी धोंडाबाईचे अ.उ.आ. व जयभीम. वि.वि. आमी समदी खुशाल हाय, तुझ्या आबांचा पाय सोडून. पत्र माझ्याच हातचं हाय. रातच्या साक्षरता वर्गाच्या मास्तरांनी तपासलं न्हाई, तवा चुकलं तिथं समजून घे.

आबांच्या पोटरीत बाभळीचा काटा मोडला. काढला, पर पाय घोट्यापासनं गुडघ्यापत्तूर लाल झाला, तव्यावानी तापला. माझी जाऊ ठकुबाई म्हनली धावरं हाय, कातडीवर पसरत जानारं, गेरूची काव लावा. लावली. पाय आदीच लाल, वर काव लाल, तवा उतार पडला का चढला ते कुनालाच कळंना.

मग भोरच्या डाक्टरकडं नेलं. त्यांनी पेनिसिलीनच्या सुया लिहून दिल्या, गावातली नर्सबाई टोचती. डाक्टर म्हनले, काही रोजांनी रक्त तपासून कागद दाखवा, आत पू वाढतोय का ओसरतोय ते कळंल. त्या दिवशी आबांना यष्टीचे हिसके सोसंनात. तुझे धाकटे आजोबा सोनबा बियानं आनाय भोरला निघालेच व्हते. आबा त्यांना म्हनले, एका आईचं दूध प्यालो, रक्त काय येगळं असतंय, तूच दे. तपासनाऱ्यानं आबांच्या नावानं, कोंडिबा म्हनून हाक मारली, भाऊजींनी व्हय म्हनून बोट पुढं केलं. कागद झकास आला. पांढऱ्या पेशी बेतात, सात हजार. डाक्टर म्हनले पू ओसरला, सुया बंद करा. आबांचा हेलपाटा वाचला.

पाय मातर अजून लालच हाय, आन् थंडी वाजून ताप येतो. पर रक्त चांगलं म्हनल्यावर आमी घोर करत न्हाई. म्हशीला रेडी झाली. ठकुबाई म्हनती माझ्या पायगुनानं झाली. ठकुबाईला आलेला खोकलाबी तिच्याच पायगुनाचा असंल. कानाला फडकं बांधत जा. माया हाय तशी राहू दे.

तुझी आजी

पुणे, ता. १५ नोव्हेंबर १९६८

ती. आजीस आनंदचा सा.न. व जयभीम. वि.वि. तुझं पत्र वाचलं आणि हातातली काचपट्टी खाली ठेवली. इथं प्रयोगशाळेत मी दिवसभर लोकांच्या रक्तातल्या पेशीच मोजत असतो.

आजी, सोनबा आजोबांचं रक्त चांगलं आलं, कारण सोनबा आजोबांचा पाय चांगला आहे. दूध एका आईचं असलं तरी काटा एकालाच लागलाय. कातडीखाली जंतू शिरून पू धरला की ज्याच्या अंगात पू, त्याच्याच रक्तात पांढऱ्या पेशी वाढतात. गंजीला आग लागल्यावर गाव धावतं तशा. त्यात न्यूट्रोफिल नावाच्या सर्वांत पुढे. त्या किती धावल्यात हे बघून डॉक्टर अंदाज घेतात. तुमच्या डॉक्टरांनी आबांच्या सुया सोनबा आजोबांच्या पायावरून थांबवल्या.

थंडी वाजून ताप येणं फार वाईट. उशीर झाला तर पाय जाईल, कदाचित आबाही. म्हणून हे पत्र पोस्टात न टाकता आपल्या कुंडलिक कंडक्टरच्या हातात देतोय. मिळताक्षणी गाडीत पेंढा घालून आबांना भोरला ने. आबांनाच. डॉक्टरांना झालं ते सांग. माझ्या लिहिण्यात जरब आली असेल तर पोटात घाल.

तुझा, आनंद

भोर, ता. १९ नोव्हेंबर १९६८

चि. आनंदास अ.उ.आ. व जयभीम. कुंडलिकनं पत्र दिलं, तशीच गाडी जुंपली. डाक्टरांना खरं सांगायचं काम माझ्यावर टाकून दोघं भाऊ भिताडाकडं बघत बसले. डाक्टर लई बोलले. त्यांचा घसा बसला तवा मी पानी दिलं.

आबांच्या बोटातनं रक्त काढलं. एकोनीस हजार निघाल्या. शंभरात नव्वद तुझ्या त्या पुढं धावनाऱ्या. लगोलग पाय चिरला, वाटीभर पू निघाला, सुया परत चालू केल्या. डाक्टर म्हनले, आनखी दोन रोज घरी ठेवला असता तर गुडघ्यावरनं कापावा लागला असता. तवा आबांनी दोन्ही हातांनी गुडघा धरला. मीबी पदराशी चाळा करत बसले.

आज ताप न्हाई. भाकरी मागितली. आन् बोलाय लागले. सोनबाच्या सात, माझ्या एकोनीस, हे शेजारच्या खाटेवरल्याला सांगून झालं. मी म्हनले हे मिरवायचं न्हवं. तर म्हनत्यात, माझ्यासाठी गाव धावलं, सोनबासाठी कोन आलं. भाऊजींना ते जरा लागलंय. तुला दोघांचा आशीर्वाद.

तुझी आजी

भोंगवली, ता. ३ डिसेंबर १९६८

चि. आनंदास अ.उ.आ. व जयभीम. आबा काठी न घेता गोठ्यापत्तूर चालत जात्यात. मी मागनं बघती, त्यांना ठावं न्हाई. पाय आता पायासारखा दिसतो. परवा शेवटचं रक्त घेतलं, त्यांचंच. सात हजार. मी रव्याचा सांजा केला.

दोघा भावांनी दोन्ही कागद शेजारी ठिवले. ह्याच्या सात, त्याच्या सात. आबा म्हनले, बघ, रक्त एकच हाय, मी पयल्यापासनं काय सांगत व्हतो. भाऊजींनी मान हालवली. तुझं पत्र पुन्यांदा वाचून दाखवलं, तर म्हनले पोरगं शिकतंय अजून.

आता भाऊजींच्या मानंवर मोठं केसतूड आलंय, तापबी हाय. डाक्टरांनी रक्त तपासायला सांगितलंय. भाऊजींची ज्वारी पान्यावर आलीय, त्यांना सवड न्हाई. म्हनून सकाळपासनं आबा धुतलं धोतर नेसून, टोपी घालून यष्टीची वाट बघत बसल्यात.

म्या भाऊजींना शेतातनं बोलावून आनलंय. दोघांच्या मधी बसून मीच भोरला जाती. ज्वारीला ठकुबाई पानी देईल. यष्टी आली, म्हनून हात आवरती. आजीचा जीव तुझ्यापाशी हाय, जप.

तुझी आजी धोंडाबाई