रिकाम्या दावणीतला ताप

बापू, इथं ओरिसाच्या जंगलात आम्ही रस्ता काढून राहिलो. पुढं झाडं पाडणारी टोळी, मागं मुळ्या उपटणारं मशीन, त्याच्या मागं खडी. माझं काम साखळीचं. पडलेल्या झाडाच्या बुंध्याला साखळी अडकवायची आणि ड्रायव्हरला हात करायचा, मग तो झाड ओढून बाजूला नेतो. तुम्ही हेच काम बैलांवर करत होता. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाला एवढं लिहायलाही वेळ लागतो, पण आज मशीन बिघडलंय आणि पालात माझ्याशिवाय कोणी नाही.

तांड्यामागचं रान ठेकेदारानं तोडायला घेतलं तेव्हा मी लहान होतो. उतारावर ट्रक चढत नव्हता, लाकडं खाली आणायला बैल लागत होते, आणि तांड्यात सगळ्यात दांडगी जोडी आपली. तुम्ही खुशीत होता. माझी याडी मात्र चुलीपुढून तुम्हाला म्हणाली, "ज्या रानात बैल चरतात, तेच रान त्यायच्या मानेला बांधून आणून राहिले तुमी." तुम्ही हसलात. "रान काय संपतंय व्हय? आज्या-पंज्यापासून हाय ते." थोड्याच हंगामांत ते संपलं. खुंट राहिले आणि ऊन राहिलं. ज्या ओढ्याला कधी ऊन लागत नव्हतं तो उघडा पडला, त्याची धार तुटली आणि जागोजागी डबकी साचली. चारा उरला नाही, म्हणून तुम्ही एकेक जनावर जवळा बाजार गावच्या बाजारात नेऊन विकलं. शेवटी ती जोडीसुद्धा. परत येताना तुम्ही दोन्ही कासरे खांद्यावर टाकून पुढं चालत होता, मी मागं.

मग तुम्ही रिकाम्या गोठ्यात खाट टाकली. घरात झोप येत नाही म्हणालात. तुमचे आजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरले, बैलांच्या मधेच झोपले; तुम्हालाही रवंथ ऐकत झोपायची सवय. याडी चिडायची, नवऱ्याला घरात जागा कमी पडली का म्हणून. शेजारचे काका दावणीपाशी येऊन विचारायचे, "काय रं, बैल इकून सोताच दावणीला बांधून घेतलं का? पेंड टाकू का थोडी?"

"टाक, पन सरकीची टाक," तुम्ही म्हणायचा. सगळे हसायचे. मीही.

पावसाळ्यात थंडीताप आला. एक दिवसाआड, भर दुपारी, तुम्ही घोंगडीखाली कुडकुडायचा आणि खाट वाजायची. तालुक्याहून हिवताप खात्याचा माणूस आला, त्यानं बोट टोचून काचेवर रक्त घेतलं, टॉर्च लावून गोठ्याच्या भिंती पाहिल्या. "काका, जनावरं होती तवर इथले डास त्यायच्यावर बसत होते," तो म्हणाला. "आता जनावरं न्हाईत, तुमी हाव. अन् रान गेल्यापासून डबकी किती झाली बघा. घरात झोपत जा, मच्छरदाणी लावा, गोळ्या सगळ्या खा." तुम्ही मान हलवली. ताप उतरल्याबराबर गोळ्या सोडल्या आणि खाट परत गोठ्यात नेली. "त्यायचा वास हाय अजून तिथं," एवढंच बोललात. पुढच्या खेपेला ताप डोक्यात गेला. आमच्यातलं कोणी तुम्हाला ओळखू येत नव्हतं. बैलांना मात्र तुम्ही नावानं हाका मारत होता.

तुम्ही गेल्यावर मी एका जागी टिकलो नाही. हॉटेल झालं, वीटभट्टी झाली, खडीचं क्रशर झालं. याडीनं लग्न करून दिलं तरी पाय थांबले नाहीत. बायकोला घेऊन इथं आलो तेव्हा तिला दिवस गेलेले होते. पहिल्याच संध्याकाळी मशीननं केलेल्या खड्ड्यात पाणी पाहिलं. चांगलं नितळ, तळ दिसणारं, आणि वरच्या वर आडव्या पडलेल्या डासाच्या बारीक अळ्या. मुकादम गोरेगावकडचा, आपल्याच भागातला. त्याला म्हणालो, "हे खड्डे बुजवून घ्या ना."

"आज बुजव, उद्या नवे व्हतेत," तो म्हणाला. "रस्ता करून राहिलो का अंगण सारवून राहिलो आपण?"

इथली एक म्हातारी पाडलेल्या फांद्या चुलीला न्यायला येते. ती मोडक्या हिंदीत म्हणते, बुखार पहले भी आता था, अब तो घर में ही रहता है.

माझ्या बायकोला ताप आला आणि लेकरू पोटातच गेलं. मुलगी होती. जंगलच्या कडेला मी खड्डा खांदला, माती टाकली आणि दुपारी साखळी धरायला गेलो. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही. ओढलेल्या झाडांच्या जागी किती डबकी झाली असतील, बापू, आणि त्यातल्या कोणत्या डबक्यातला तो डास, हे कोणाला विचारू? बायकोला परत ताप आला तेव्हा दवाखान्यातल्या नर्सनं मला बाहेर बोलावलं. "इसको यहाँ से ले जाओ. अगली बार मैं नहीं बचा पाऊँगी."

काल गावाकडं निघालेल्या एका जोडप्यासोबत तिला रेल्वेत बसवलं. तिचे हात हळदीसारखे पिवळे दिसत होते. म्हणालो, "गोळ्या सगळ्या खाय. बरं वाटलं तरी सोडू नको."

"तुमी काहून न्हाई येत?"

"मुकादम सोडून न्हाई राहिला. काम झालं की येतो."

गाडी सुटली.

हे पत्र टाकायचं कुठं, तेही मला माहीत नाही. मशीनचा आवाज येऊन राहिला, दुरुस्त झालं वाटतं. एक गोष्ट राहिली. मुकादमानं मला अडवलं नव्हतं. दोघंबी जा, दुसरा गडी बघतो, असंच म्हणाला होता तो. मलाच घरी तिच्यासमोर बसायची भीती वाटली.