चौकट रिकामी, हेडिंग तयार

१० तारीख, शनिवार. संध्याकाळी ६.
आजपासून रोजनिशी. आजपासून चहात साखर बंद.
उद्या फुटबॉलची मॅच. जिंकलो तर मोठ्या स्पर्धेत, हरलो तर चार वर्षं घरी. आमच्या पेपरची जुनी पद्धत अशी की आदल्या दिवशी दोन पहिली पानं लावून ठेवायची, एक जिंकल्याचं, एक हरल्याचं. निकाल लागला की एक छपाईला सोडायचं, दुसरं पुसायचं. खेळाची हेडिंगं बावीस वर्षं मीच देतो. जिंकल्याचं काही केल्या जमेना. हरल्याचं चहा निवायच्या आत सुचलं: 'याला विसरू नका'. खाली पानभर फोटोची चौकट, रिकामी.
संपादकसाहेबांनी विचारलं, याला म्हणजे कुणाला? म्हटलं, उद्या मिळेल कोणीतरी. साहेब म्हणाले, तू म्हणजे तूच.
बिनसाखरेचा चहा वाईट नसतो. सवय पाहिजे.

११, रविवार. संध्याकाळी ८.
हरलो. शेवटच्या मिनिटाला पेनल्टी, मारायला तीन नंबर, आणि चेंडू बारवरून थेट प्रेक्षकांत. ऑफिसात सगळे डोक्याला हात लावून बसले. मी नाही. मला चौकटीतला माणूस मिळाला होता.
फोटोग्राफरने चाळीस फोटो पाठवले. बहुतेक रडतानाचे. चेहरा दिसला की लोकांना कीव येते, आणि कीव त्या हेडिंगखाली बसत नाही. म्हणून पाठीचा घेतला. जर्सीवर तीन आकडा, हात खाली सोडलेले, चेंडू गेला तिकडे बघतोय. अकरा मिनिटांत पान सोडलं. साहेबांनी पाठ थोपटली.
आज साखर घेतली. असा दिवस रोज येत नाही.

१२, सोमवार.
चार चॅनेलवर माझं पान. सहा तज्ज्ञ एका टेबलाभोवती, आळीपाळीने म्हणतात, याला विसरू नका. एका माजी कोचने पडद्यावर पट्टी लावून दाखवलं की तो दोन पावलं कमी धावला. एका बाईंच्या मते सगळा घोळ त्याच्या केसांच्या रंगाचा. बायकोच्या भावाचा फोन: दाजी, अख्ख्या देशाच्या तोंडी तुमचं हेडिंग आहे. मी म्हटलं, चालायचंच.
ही म्हणाली, त्या पोराला आई असेल ना? समजावलं की हे प्रोफेशनल खेळाडू असतात. तर विचारते, प्रोफेशनल लोकांना आया नसतात का. हिच्याशी खेळावर बोलण्यात अर्थ नाही.

१४, बुधवार.
मेहुणा टी-शर्ट घेऊन आला. छातीवर माझं हेडिंग. बाजारात ढिगाने मिळतायत म्हणे. एक स्वतः घालून आला होता, एक मला. मला पोटावर घट्ट होतो, 'विसरू' फार ताणलं जातं.
तीन नंबरच्या घरासमोर दोन दिवस गर्दी आहे. खिडक्या फोडल्या. कोणीतरी माझं पान त्याच्या दाराला चिकटवलं. शांत बसून विचार केला. मी 'विसरू नका' लिहिलं. 'दगड मारा' असं कुठेही लिहिलेलं नाही. मोकळं वाटलं.
साखर अर्धा चमचा. एकदम सोडणं शरीराला बरं नाही.

१६, शुक्रवार. दुपारी ३.
तीन नंबर घरातून निघून गेलाय. बुधवारी पहाटे. फोन फ्रिजवर ठेवून. कोणाला काही सांगितलं नाही.
साहेबांनी बोलावलं. दोन पानं लाव. एक 'सापडला'. दुसऱ्याचं नाव त्यांनी घेतलं नाही, नुसता हात आडवा केला. आजवर मॅचचीच दोन पानं लावली. माणसाची पहिल्यांदाच. पण काम ते काम.
पहिलं दहा मिनिटांत झालं. दुसऱ्याच्या वेळी डोकं दुखायला लागलं. चष्म्याचा नंबर बदलला असणार. दुसरं पान उद्या नक्की.

१७, शनिवार.
ऑपरेटरने एक फोन जोडून दिला. तीन नंबरची आई. मी शिव्या खायची तयारी केली, उत्तरंही मनात लावून ठेवली. ती म्हणाली, भाऊ, तुमच्या पेपरातला फोटो चांगला आलाय. जर्सीतला एवढा मोठा फोटो आमच्याकडे नाही. वरची अक्षरं काढून एक मिळेल का? लहानपणापासून तो असाच उभा राहतो म्हणे, डावा खांदा खाली टाकून.
म्हटलं, ताई, उद्या पाठवतो. एका मिनिटाचं काम आहे.
फोन ठेवून पान उघडलं. खांदा खरंच खाली आहे. बावीस वर्षं फोटो निवडतोय आणि हे दिसलं नव्हतं.

१८, रविवार.
प्रिंटर बिघडलाय. (चालू आहे. पण बिघडू शकतो.)
दुसऱ्या पानाला हेडिंग सुचत नाही. जे सुचतं ते 'याला' पासूनच सुरू होतं. साहेबांना सांगितलं, तयार आहे.
ऑफिसातून येताना पुढे एक जण चालत होता, डावा खांदा खाली. मी तीन चौक मागे गेलो. औषधाच्या दुकानात तो वळला. साठीचे गृहस्थ, गुडघ्याचा पट्टा घ्यायला आलेले. मलाच विचारलं, तुम्हालाही गुडघ्याचाच त्रास का? हो म्हटलं. आता घरात एक पट्टा आहे.

२०, मंगळवार.
ठरलं. पेपरात जाहीर दिलगिरी. सकाळी चारशे शब्द लिहिले, स्वतःचेच डोळे भरून आले. दुपारी वाचलं तर जरा लांबलंय. चाळीस केले. संध्याकाळी बारा. ते अकराव्या पानाच्या तळाला लावले. तेवढ्यात गाद्यांची जाहिरात आली. साहेबांनी विचारलं, हे खाली काय आहे? म्हटलं, काही नाही, भरायला टाकलं होतं.
मनातून दिलगिरी व्यक्त केली. शेवटी तीच महत्त्वाची.

२१, बुधवार. सकाळी ७.
ही झोपलेली असताना साखरेचा डबा उचलला. खाली तीन आकडा. हिने फळीवर हरल्याचं माझं पान अंथरलंय. शेजारचा डबा उचलला, खांदा. मग सगळेच डबे उतरवले. तो अख्खा फळीभर पाठ करून उभा. मी काहीतरी बोललो त्याच्याशी. काय ते लिहीत नाही.
ही उठून आली. म्हटलं, मुंग्या झाल्यात. ती म्हणाली, पान मोठं होतं, फळीला नेमकं बसलं, म्हणून घातलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, तो सापडेपर्यंत तुला झोप यायची नाही.
मला झोप व्यवस्थित येते. येत नाही ती गुडघ्यामुळे. पान काढून घडी केलं. टाकवलं नाही. कपाटात टी-शर्टखाली ठेवलं.

२३, शुक्रवार. संध्याकाळी ७.
सापडला. जिवंत आहे.
दोन गावं पलीकडे बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलत होता. नाव विचारलं तेव्हा खोटं सांगितलं. गेला बसने, शेजारी दोघं सगळी वाट तीन नंबरला शिव्या देत होते, आणि त्यांनी त्यालाही शेंगदाणे दिले. कारखान्यात एकाच्या अंगात तर तोच टी-शर्ट. नऊ दिवस कोणी ओळखलं नाही. सगळ्यांना त्याची पाठच पाठ होती. शेवटी मुकादमाच्या बायकोने विचारलं, बाबा तू जेवत का नाहीस, तेव्हा तो खरं बोलला.
यावरून एक सिद्ध होतं. मी चेहऱ्याचा फोटो लावला असता तर लोकांनी त्याला गाठला असता. पाठीचा लावला म्हणून पोरगा वाचला. हे हिला सांगितलं. ती उठून आत गेली.
'सापडला' पान सोडलं. साहेब म्हणाले, दुसरं पूस. ते कोरंच होतं. कोरं पान तीनदा पुसलं. कीबोर्ड जुना झालाय.

२४, शनिवार. सकाळी ९.
आज त्याच्या घरी जाणार. फोटो देणार. हेडिंग मी दिलं, तेही मॅचच्या आदल्या दिवशी, हे तोंडावर सांगणार. वाक्य आरशासमोर चारदा म्हटलं. इस्त्रीचा शर्ट.

त्याच दिवशी, दुपारी ४.
मी ऑफिसातून निघायच्या आत तीच आली. तीन नंबरची आई. रिसेप्शनच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. पळत वर जाऊन फोटोची प्रिंट काढली, प्रिंटर पहिल्या झटक्यात चालला. अक्षरं नसली की त्यात काहीच नाही. एक पोरगा उभा आहे, कोणीतरी घ्यायला येईल अशी वाट बघत.
तिने फोटो बराच वेळ बघितला. खांद्यावरून बोट फिरवलं. मग विचारलं, ते वरचं कोणी लिहिलं होतं, भाऊ?
वाक्य पाठ होतं. म्हटलं, ताई, असं एकाचं काही नसतं. पान सगळे मिळून लावतात.
ती म्हणाली, असं होय. मग सगळ्यांना सांगा, तो आता जेवतो.
हो म्हटलं.
अजून कोणाला सांगितलेलं नाही.

२९, गुरुवार. संध्याकाळी ६.
उद्या मैत्रीची मॅच. दोन पानं हवीत. जिंकल्याचं जमत नाही. हरल्याच्या पानावर हेडिंग तूर्तास तेच ठेवलंय, नवीन सुचलं की नक्की बदलणार. खाली चौकट रिकामी आहे. कोणी उभं नाही ना, ते पुन्हा पुन्हा उघडून बघतोय.
साखर दोन चमचे.