वाणाच्या बाटल्या

प्रिय नूपुर,

सगळ्यांच्या आधी टपकल्या त्या प्रेमलताबाई. विधवेच्या घरी कसलं हळदीकुंकू, मी नाही येणार, असं आपल्या मराठी मंडळभर सांगत फिरलेल्या! मी दारातच म्हटलं, आलात ना, मग चपला काढा. मागोमाग पार बजबज गावाहून मीनाक्षी आली, खजुराच्या गुळाचे संदेश, ती बंगाली मिठाई, घेऊन. तिळगुळाबरोबर तेही वाटले.

मग वाण. तू वैतागून माझ्या पलंगाखाली सारलेल्या खोक्यातल्या बाटल्या! आधी त्यांना वाटलं, मसाल्याला दिल्यात. सकाळची पहिली लघवी यात भरायची म्हटल्यावर प्रेमलताबाई किंचाळल्याच, अहो, सणासुदीचं हे काय! तुझा शशिकांतमामा आतून ओरडला, आई, मंडळात तोंड दाखवायला जागा ठेव. म्हटलं, तुझं तोंड तू सांभाळ.

मी चौथी शिकलेली. तू सांगितलेलं माझ्या भाषेत सांगितलं. पेशी म्हणे इवल्या इवल्या पिशव्या बाहेर सोडतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या. त्या रक्तात, थुंकीत, लघवीत उतरतात. शेजारणीने पाठवलेल्या वाटीवरून तिच्या घरात काय शिजतंय ते कळतं ना, तसं त्या पिशव्यांवरून आत काय बिघडतंय ते ओळखायचं. अजून पुरतं साधलेलं नाही, हेही सांगितलं, खोटं कशाला? आजारी बायकांचे नमुने नातीकडे आहेत, ताडून बघायला धडधाकट म्हाताऱ्या हव्यात. मीनाक्षी म्हणते, आम्ही धडधाकट हे तुम्हीच ठरवलंत होय? अशा हसलो! जाताना प्रेमलताबाईंनी दोन बाटल्या नेल्या, एक जावेला.

फोन उचलत नाहीस, म्हणून मामाच्या मंदारच्या हाती हे पत्र देतेय. बायका मिळत नाहीत, काम बंद पडणार, त्याआधी मीच राजीनामा देते, असं रडत म्हणालीस ना त्या दिवशी? तुझी आई, माझी सुहासिनी, पोटातलं दुखणं लाजून अंगावर काढत राहिली. कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. पोरी, आता या घरात कुणी लाजायचं नाही आणि कुणी माघार घ्यायची नाही. तो राजीनामा फाड. बर्फाची पेटी आण, संमतीच्या सह्यांचे कागद आण. रथसप्तमीला सकाळीच सगळ्या परत येणार आहेत, भरलेल्या बाटल्या घेऊन.

तुझीच,
हट्टी आजी